अनुभव धागा : पाळकसाहेबांचा निरोप आणि माजी सैनिकांची कागदं

उन्हाळा लागला की आपल्याकडच्या चर्चच्या बऱ्याच मंडळ्यांत बदलीची नाहीतर निवृत्तीची पत्रं येतात. विदर्भातल्या खेड्यांत पाळकसाहेब फक्त रविवारची उपासना घेत नाहीत. मिशन कंपाउंडच्या व्हरांड्यात बसून फौजेतून आलेल्यांचे अर्जही तेच भरून देतात, आणि त्यात मंडळीतले किती, बाहेरचे किती, हे कोणी मोजत नाही. असा माणूस गेला की खरी अडचण नोव्हेंबर सरल्यावर कळते, हयातीचा दाखला न गेल्याने पेन्शन थांबली की.

म्हणून हा धागा. निरोपाआधी त्यांच्याकडून काय काय हातात घ्यायचं आणि सैनिकांचं काम पुढे कसं चालवायचं, एवढंच लिहा. समारंभ किती हृद्य झाला ते नको, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत.

मंडळीची सेक्रेटरी, अचलपूर तालुका

पहिलं काम मोबाइल नंबरांचं. ज्या म्हाताऱ्यांकडे फोन नव्हता त्यांच्या 'स्पर्श' (फौजेच्या पेन्शनची ऑनलाइन यंत्रणा) खात्यात, कधी कधी आधारलाही, पाळकसाहेबांचाच नंबर टाकलेला असतो. ते दुसऱ्या जिल्ह्यात गेले की ओटीपी तिकडे जातो आणि इकडे काम अडतं. जुना नंबर हाताशी आहे तोवर 'स्पर्श'मध्ये मुलाचा किंवा सुनेचा नंबर टाकून घ्या. आधारच्या नंबरासाठी बहुतेक वेळा माणसालाच आधार केंद्रावर न्यावं लागतं. त्यामुळे ही यादी निरोपाच्या निदान दीड महिना आधी हवी.

दुसरं, त्यांची वही. प्रत्येक सैनिकामागे एक पान करा: आर्मी नंबर, रेजिमेंट, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, बँक व शाखा, हयातीचा दाखला शेवटचा कोणत्या महिन्यात दिला, पत्नीचं नाव नोंदीत कसं आहे आणि आधारवर कसं आहे. पासवर्ड आणि एटीएमचा पिन वहीत असतील तर ते पान फाडा आणि दोन्ही बदलायला लावा. ही वही एकाच माणसाकडे देऊ नका. एक मंडळीतला आणि एक गावातला माजी सैनिक, अशा दोघांकडे राहू द्या.

मंडळीच्या बाजूचं थोडक्यात: बाप्तिस्मा, विवाह आणि दफन ही तिन्ही रजिस्टरं पानं मोजून ताब्यात घ्या आणि शेवटच्या नोंदीखाली जाणाऱ्या-येणाऱ्या दोघांच्या सह्या. बँकेतली सही बदलायला कमिटीचा ठराव आणि नव्या सहीदारांचं केवायसी लागतं, तोवर चेक अडकतात. नवीन पाळकांना विवाह लावण्याचा परवाना लागत असेल तर तो हातात आल्याशिवाय मे महिन्यातली लग्नं धरू नका.

सीएससी चालवणारा, दर्यापूर

आमचं सीएससी म्हणजे सरकारी ऑनलाइन कामांचं केंद्र. हयातीच्या दाखल्याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच.

नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणीचा महिना. बोंडांनी बोटं फाटलेली असतात, अंगठ्याच्या मशीनवर ठसा येत नाही. तासभर बोटं पुसत बसू नका, सरळ चेहऱ्याने करा. अँड्रॉइड फोनमध्ये दोन अ‍ॅप लागतात, आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण. आधी ऑपरेटरचं आधार एकदा नोंदवायचं, मग त्याच फोनवर एकामागून एक कितीही लोकांचे दाखले निघतात. माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवा, मागे भिंत ठेवा, चष्मा आणि टोपी काढा, डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. पत्र्याच्या हॉलमध्ये नेटवर्क मरतं, म्हणून टेबल बाहेर झाडाखाली लावा. पण पानांतून चेहऱ्यावर ऊन-सावलीचे ठिपके पडले तर फोटो घेत नाही, एवढं पाहा.

आता चुका कुठे होतात ते. मंजुरी देणाऱ्या कार्यालयात पुष्कळ जण महाराष्ट्र शासन निवडतात. ते नाही, डिफेन्समधलं पीसीडीए पेन्शन अलाहाबाद, म्हणजे फौजेच्या पेन्शनचं लेखा कार्यालय. पेन्शन वाटणाऱ्या यंत्रणेत बँक निवडू नका, 'स्पर्श – पीसीडीए पेन्शन अलाहाबाद' निवडा. ज्यांचं खातं अजून बँकेकडूनच चालतं त्यांचं वेगळं, आधी विचारून घ्या. पीपीओचा जुना तिरक्या रेघांचा नंबर टाकू नका, 'स्पर्श'चा बारा आकडी टाका. विधवेचा दाखला असेल तर प्रकार 'फॅमिली'. सर्व्हिस टाकला की नाकारला जातो.

प्रमाण आयडी आला म्हणजे काम झालं, असं समजू नका. तो फक्त दाखला निघाल्याचा नंबर. चार दिवसांनी 'स्पर्श'मध्ये जाऊन स्वीकारला की नाही ते पाहायचं. आमच्याकडे वहीत दोन रकाने आहेत, 'काढला' आणि 'लागला'. दुसरा रकाना रिकामा दिसला की फोन करायचा.

ऐंशी ओलांडलेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. त्यांना आधी उरकून घ्या.

निवृत्त हवालदार (क्लार्क), पुसद

बरेच जण म्हणतात 'फौजी म्हणजे पेन्शनवाला'. तसं नाही. जवानाला सेवा पेन्शनसाठी साधारण 15 वर्षं नोकरी भरावी लागते. सात-आठ वर्षांत घरी आलेले कितीतरी जण आज पंचाहत्तरीत आहेत, मजुरीवर जगतात, आणि त्यांना काहीच मिळत नाही असं गाव धरून चालतं.

अशांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं निर्धनता अनुदान आहे. पेन्शन नसलेले, हवालदार हुद्द्यापर्यंतचे, 65 वर्षांवरचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना ते मिळतं. महिन्याला 4000 रुपये होते, 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 8000 केले आहेत. त्याच वेळी मुलींच्या लग्नाचं अनुदान 50,000 वरून एक लाखावर गेलं (दोन मुलींपर्यंत), आणि मुलांच्या शिक्षणाचं दरमहा 1000 वरून 2000 वर (दोन मुलांपर्यंत). अर्ज बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा, तपासणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय करतं. मंजुरी आली नाही तर आधी तिथेच विचारा, अर्ज कुठल्या तरी त्रुटीवर पडलेला असतो.

ती त्रुटी बहुतेक वेळा डिस्चार्ज बुकची, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या नोंदींच्या पुस्तकाची. सगळी पानं स्कॅन करा, कोरी दिसणारीही. मधली दोन पानं वगळली की अर्ज परत. पुस्तक वाळवीने खाल्लं असेल, पुरात गेलं असेल, तर आर्मी नंबर शोधा: जुन्या ट्रंकेच्या झाकणावर रंगवलेला असतो, मेडलच्या कडेला कोरलेला असतो. नंबर मिळाला की जिल्हा कार्यालयामार्फत त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र. गार्ड्‌सचं आपल्या कामठीलाच आहे, महार रेजिमेंटचं सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. नुसतं 'आर्मी हेडक्वार्टर, दिल्ली' लिहून पाठवलेली पत्रं फिरत राहतात.

आणखी एक. पेन्शनचा काही भाग एकरकमी पैशांसाठी विकलेला असेल (कम्युटेशन) तर 15 वर्षांनी पेन्शन पूर्ववत व्हायला हवी. ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शन 20 टक्क्यांनी वाढते, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला दुप्पट. तारीख उलटून वाढ दिसत नसेल तर बहुधा जन्मतारखेची नोंद चुकीची किंवा रिकामी आहे.

महिला मंडळ, चिखली

वरच्या जन्मतारखेच्या मुद्द्याला जोडून. जुन्या पीपीओवर बायकोची जन्मतारीखच नसते, आणि नाव फौजेत 'शांता', आधारवर 'शांताबाई', बँकेत 'शांताबाई' पुढे माहेरचं आडनाव. नवरा हयात असतानाच हे सरळ करून घ्या. अर्ज त्याच्या सहीने जातो, काम लवकर होतं. नंतर त्या बाईला प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, रेकॉर्ड ऑफिसचं पत्र, एवढं सगळं एकटीला करावं लागतं.

मृत्यूनंतर क्रम असा ठेवा. ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आत नोंद, कारण उशीर झाला की परवानगीचं लचांड मागे लागतं. दाखल्यावरचं नाव पीपीओशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा, तिथल्या तिथे दुरुस्त होतं. दाखल्याच्या निदान सहा प्रती घ्या. मग 'स्पर्श'वर मृत्यूची नोंद आणि कुटुंब निवृत्तिवेतनाची मागणी, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवणं.

यात सगळ्यात महागात पडतं ते एटीएम. तेराव्याच्या किंवा जेवणाच्या खर्चाला मुलगा वडिलांच्या कार्डाने पैसे काढतो. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन सरकार परत मागतं, आणि ती वसुली आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून होते. कार्ड त्याच दिवशी बाजूला ठेवा. पाळकसाहेब हे सांत्वनाला गेल्यावर हळूच सांगायचे. आता कोण सांगणार ते ठरवा, कारण दुःखाच्या घरात हे बोलायला नात्यातला माणूस धजत नाही.

निवृत्त परिचारिका, वाशीम जिल्हा

ईसीएचएसबद्दल, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेबद्दल एवढंच. साध्या आजाराला आधी योजनेच्या पॉलिक्लिनिकची चिठ्ठी, मग यादीतला दवाखाना. अचानक छातीत दुखलं, अपघात झाला, तर जवळ असेल तिथे न्या, पण 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. कळवलं नाही तर बिल अडतं. खेड्यातून नागपूरला न्यायच्या धांदलीत कार्ड घरी राहतं, म्हणून दोन्ही बाजूंचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पॉलिक्लिनिकचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत चिकटवा.

शेतकरी, धारणी रोड

भाऊ, कार्यक्रमाचंही सांगा लागते ना कोणीतरी. मे महिन्यात दुपारचा निरोप ठेवू नका जी. पारा पंचेचाळीसले टेकते, मंडपात म्हातारी माणसं भोवळ येऊन पडतात. सकाळी आठले उपासना, दहाले निरोप, साडेअकराले पंगत. नाहीतर सरळ संध्याकाळी. लाइन जाते म्हणून माइकले बॅटरी पाहिजेच. दोनशे माणसाले तांदूळ 18 किलो, तूरडाळ 7, कणिक 18, आलू-वांग्याच्या भाजीले 20 किलो वांगे आणि 10 किलो आलू, बुंदी 15 किलो. मठ्ठा जास्त करा, भात उरते पण मठ्ठा उरत नाही.

अन् भाषणं सहाच्या वर नको. सैनिकांकडून एकच बोलणार, तेही आधी ठरवून.

खजिनदार, पांढरकवडा

निरोपाच्या थैलीला वेगळं पावतीपुस्तक ठेवा, रविवारच्या दानार्पणात मिसळू नका. कोणी किती दिले ते माइकवर वाचू नये. मजुरी करणाऱ्याने दिलेल्या पन्नास रुपयांची त्यात शोभा होते. शाली आधीच सांगून दोनवर आणा. उरलेल्या पैशांतून सामानाची गाडी करून द्या, पाळकाला त्या वेळी तीच हवी असते. छोटा हत्ती (लहान टेम्पो) पुरत नाही, त्याची क्षमता पाऊण टनाच्या आसपास, आणि पाळकगृहातलं सामान म्हणजे निम्मी पुस्तकं. पुस्तकांना किराणा दुकानातले लहान खोके घ्या, एकात 12-15 किलोच्या वर नाही, मोठ्या खोक्याचं बूड फाटतं.

प्रश्न, मूर्तिजापूर: माजी सैनिकाच्या अंत्यविधीत शवपेटीवर तिरंगा घालावा का? आमच्या पाळकांना दर वेळी हे विचारतात.

निवृत्त हवालदार (क्लार्क), पुसद

नाही. ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा फक्त शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीत घालतात. घरच्यांनी स्वतःहून घालायचा नसतो. इतमाम मंजूर असेल तेव्हा केशरी पट्टा डोक्याकडे, आणि पेटी खड्ड्यात उतरवण्याआधी ध्वज काढून घडी करायची. तो पुरायचा नाही, जाळायचा नाही. इतमाम नसेल तर रेजिमेंटची टोपी आणि मेडल पेटीवर ठेवा, गावातल्या माजी सैनिकांनी पुष्पचक्र वाहावं. मेडल माती देण्याआधी मोजून घरच्यांच्या हातात द्या.

सीएससी चालवणारा, दर्यापूर

एक राहिलं. व्हरांड्यातल्या बैठकीचा वार बदलू नका. आमच्याकडे ती आठवडी बाजाराच्या दिवशी असते, कारण त्या दिवशी एसटी आणि काळीपिवळी दोन्ही मिळतात. नवीन पाळकांना सोयीचा म्हणून वार हलवला की आडवाटेच्या गावांतले पहिले सुटतात.