ब्रेक्झिट : ‘बाहेर पडा’ हे ठरलं, पण कुठे जायचं ते का ठरलं नाही?

भोगावती

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनमधल्या ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय महासंघ सोडायचा कौल दिला. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला. मधल्या साडेतीन वर्षांत दोन पंतप्रधान पायउतार झाले आणि सरकारनेच करून आणलेला करार संसदेने तीनदा फेटाळला.

मराठीत यावर जे वाचायला मिळतं त्यात कोण जिंकलं, कोण हरलं एवढंच असतं. मला यंत्रणा समजून घ्यायची आहे. लोकांचा कौल मिळाला, सरकार तो मान्य करत होतं, मग घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं? कस्टम्स युनियन आणि सिंगल मार्केट यांत फरक काय? ‘बॅकस्टॉप’वरून एवढं रण का माजलं? आणि मतदानाआधी काय ठरवून ठेवलं असतं तर हे टळलं असतं?

महागाई आणि जीडीपीचा वाद इथे नको, ही विनंती.

तिठ्यावरचा

अडचण मतपत्रिकेपासूनच सुरू होते. तिच्यावर दोनच चौकोन होते: महासंघात राहावं, किंवा महासंघ सोडावा. ‘राहावं’ याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता, कारण तीच चालू स्थिती होती. ‘सोडावा’ या एका चौकोनात मात्र किमान चार वेगवेगळ्या वाटा कोंबलेल्या होत्या. त्या समजण्यासाठी तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो.

कस्टम्स युनियन म्हणजे आतल्या देशांत एकमेकांच्या मालावर आयात शुल्क नाही, आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचं शुल्क एकसारखं. त्याची किंमत अशी की बाहेरच्या देशांशी शुल्काचे करार तुम्हाला स्वतंत्रपणे करता येत नाहीत. सिंगल मार्केट म्हणजे मालाचे निकष एकच, आणि माल, सेवा, भांडवल व माणसं या चारही गोष्टींना मोकळी ये-जा. त्याची किंमत म्हणजे नियम मानायचे आणि युरोपीय कामगारांना दार उघडं ठेवायचं.

आता वाटा बघा. नॉर्वे सिंगल मार्केटमध्ये आहे, पण कस्टम्स युनियनमध्ये नाही; म्हणून स्वीडनच्या सीमेवर स्विनेसुंडला आजही कस्टम्सची चौकी आहे. तुर्कस्तान औद्योगिक मालापुरतं कस्टम्स युनियनमध्ये आहे, सिंगल मार्केटमध्ये नाही. तिथे शुल्क नाही, पण ट्रकच्या परवान्यांपायी रांगा आहेत. कॅनडासारखा मुक्त व्यापार करार केला तर दोन्ही सुटतात, शुल्क बहुतांशी जातं, पण तपासणी आणि कागदपत्रं येतात. आणि काहीच करार केला नाही तर जागतिक व्यापार संघटनेचे दर लागतात. मोटारींवर ते १० टक्के आहेत.

ज्यांना युरोपीय स्थलांतर थांबवायचं होतं त्यांना नॉर्वे चालणार नव्हता. ज्यांना भारत-अमेरिकेशी स्वतःचे करार हवे होते त्यांना तुर्कस्तान चालणार नव्हता. कारखानदारी जपायची होती त्यांना कॅनडा पुरणार नव्हता. हे सगळे एकाच चौकोनात फुली मारून मोकळे झाले होते.

संसदेत हेच आकड्यांत दिसलं. पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ असा पडला. त्या ४३२ मध्ये तो फार मऊ वाटणारे हुजूर पक्षाचे खासदार होते, फार कडक वाटणारा मजूर पक्ष होता, आणि बाहेरच पडू नये म्हणणारेही होते. मग १२ मार्चला ३९१ विरुद्ध २४२, आणि २९ मार्चला ३४४ विरुद्ध २८६. त्यानंतर १ एप्रिलला खासदारांनी स्वतःच चार पर्याय मतदानाला घेतले. कस्टम्स युनियनचा पर्याय २७३ विरुद्ध २७६ असा तीन मतांनी गेला. नव्या सार्वमताचा २८० विरुद्ध २९२. एकाही पर्यायाला बहुमत नाही. सभागृहात प्रत्येक गोष्टीला ‘नको’ म्हणणारं बहुमत होतं, कशालाच ‘हवं’ म्हणणारं नव्हतं.

घड्याळाचा मुद्दा वेगळा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथे झाली. महासंघाच्या करारातलं कलम ५० असं आहे: सोडण्याची नोटीस दिली की दोन वर्षं मोजायला सुरुवात होते. तोवर करार झाला नाही तर सदस्यत्व आपोआप संपतं, आणि मुदतवाढीला बाकीच्या सगळ्या देशांची एकमताने संमती लागते. म्हणजे नोटीस कधी द्यायची एवढंच सोडणाऱ्या देशाच्या हातात असतं. दिल्यानंतरचा प्रत्येक दिवस समोरच्याच्या बाजूने जातो. ब्रिटनने स्वतःला काय हवं हे ठरण्याआधी २९ मार्च २०१७ ला नोटीस दिली आणि तीन आठवड्यांत मध्यावधी निवडणूक जाहीर केली. ८ जूनच्या मतदानाचा निकाल लागला तेव्हा सरकारचं बहुमत गेलं होतं. मग उत्तर आयर्लंड ब्रिटनशीच जोडलेला राहावा म्हणणाऱ्या, तिथल्याच डीयूपी पक्षाच्या १० खासदारांच्या टेकूवर सरकार उभं राहिलं, आणि वाटाघाटींतला सगळ्यात नाजूक प्रश्न नेमका उत्तर आयर्लंडचाच निघाला.

वळचण

बॅकस्टॉपबद्दल, म्हणजे आयर्लंडमधली सीमा मोकळी ठेवण्याच्या हमीबद्दल लिहितो, कारण ‘एवढीशी सीमा’ म्हणून तो भाग सोडून दिला जातो.

आयर्लंड प्रजासत्ताक (महासंघाचा सदस्य असलेला स्वतंत्र देश) आणि उत्तर आयर्लंड (ब्रिटनचाच भाग) यांच्यातली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची आहे आणि ती ओलांडणारे दोनशेहून जास्त रस्ते आहेत. शेतं आणि घरं तिच्या दोन्ही अंगांना पसरलेली आहेत. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथल्या लष्करी चौक्या गेल्या. कस्टम्सच्या चौक्या त्याआधीच, १९९३ मध्ये सिंगल मार्केट आल्यावर गेल्या होत्या. सीमा अदृश्य राहिली ती शांतता करार आणि युरोपचे समान नियम अशा दोन खांबांवर. ब्रेक्झिटमध्ये दुसरा खांब निघत होता.

वर तिठ्यावरचा यांनी फरक सांगितला आहे, त्यावरून बघा. मालाची सीमा खरोखर अदृश्य ठेवायची तर शुल्क एक हवं आणि निकषही एक हवेत, म्हणजे दोन्ही संघांचे मालापुरते नियम लागतात. लंडनने तीन वचनं दिली होती: कस्टम्स युनियन व सिंगल मार्केट सोडणार, आयर्लंडमध्ये सीमा येणार नाही, आणि ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्यामध्येही येणार नाही. यातली कोणतीही दोन पाळता येतात. तिन्ही एकत्र नाहीत.

मे यांच्या बॅकस्टॉपमध्ये पहिलं वचन सैल केलं होतं: दुसरा तोडगा निघेपर्यंत सगळं ब्रिटन महासंघासोबत एका शुल्कक्षेत्रात राहील आणि त्यातून एकतर्फी बाहेर पडता येणार नाही. ‘एकतर्फी नाही’ हे शब्द कट्टर ब्रेक्झिटवाल्यांना पटले नाहीत. मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये तिसरं वचन सोडलं आणि सीमा आयरिश समुद्रात नेली. डिसेंबरच्या निवडणुकीत त्यांना ८० चं मताधिक्य मिळालं, म्हणून तो करार संसदेत पार पडला. डीयूपीची तेव्हा गरज उरली नव्हती.

पुढे काय बिघडलं? १ जानेवारी २०२१ पासून लिव्हरपूलहून बेलफास्टला जाणाऱ्या मालाला कस्टम्सची घोषणापत्रं लागू लागली. मांस आणि दुधाच्या पदार्थांना पशुवैद्यकाच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र लागणार होतं. दुकानांसाठी ते सवलतीच्या मुदती देऊन पुढे ढकलत राहिले. एका ट्रकमध्ये एकच माल असेल तर हे निभावतं. सुपरमार्केटच्या ट्रकमध्ये चीज, सॉसेज, फुलझाडं असे शेकडो प्रकार असतात आणि एका खोक्याचा कागद चुकला तरी गाडी अडू शकते. निषेध म्हणून डीयूपीने फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्तर आयर्लंडचं स्थानिक सरकार सोडलं. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा उभं राहिलं. मधे २७ फेब्रुवारी २०२३ ला विंडसर फ्रेमवर्क झालं: उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालाला हिरवी मार्गिका, पुढे प्रजासत्ताकात जाऊ शकणाऱ्या मालाला लाल. हिरव्या मार्गिकेतल्या बऱ्याच अन्नपदार्थांवर ‘युरोपीय महासंघासाठी नाही’ असं लेबल लागतं.

जाता जाता मूळ देशाच्या नियमाबद्दल, कारण भारतीय निर्यातदारांना तो आजही नडतो. ब्रिटन-युरोप करारात शून्य शुल्क आहे ते फक्त त्या दोघांकडे ‘बनलेल्या’ मालाला. तिरुपूरचा शर्ट ब्रिटनच्या गोदामात शुल्क भरून उतरवला आणि तिथून तसाच डब्लिनला धाडला, तर तो ब्रिटिश ठरत नाही. युरोपचं शुल्क पुन्हा भरावं लागतं. घडी बदलून नवं वेष्टन घातल्याने मूळ देश बदलत नाही.

मांडवीकाठ

मत कोणाला होतं हे कुणी लिहिलं नाही. गोव्याच्या दृष्टीने तो कळीचा मुद्दा आहे.

२०१६ ला मतदार होते ते १८ वर्षांवरचे ब्रिटिश, आयरिश आणि ब्रिटनमध्ये राहणारे राष्ट्रकुल देशांचे नागरिक. म्हणजे भारतीय पासपोर्टवर रीतसर राहणाऱ्या पुण्याच्या माणसाला मत होतं. पोर्तुगीज, पोलिश, इटालियन नागरिकांना नव्हतं.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले लोक आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्या लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेऊ शकतात. युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनला व्हिसा लागत नसे, म्हणून स्विंडन आणि साउथॉलमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती झाली. परकं नागरिकत्व घेतलं की आपल्या कायद्याने भारतीय नागरिकत्व संपतं. त्यामुळे ज्या पासपोर्टमुळे त्यांना ब्रिटनमध्ये राहता आलं, त्याच पासपोर्टमुळे आपल्या भवितव्याचा निर्णय होताना त्यांना मत देता आलं नाही. शेजारच्या खोलीतल्या भारतीय पासपोर्टधारकाला ते होतं. हा मला आजही मोठा अन्याय वाटतो. २०१४ च्या स्कॉटलंडच्या सार्वमतात तिथे राहणाऱ्या सगळ्या युरोपीय नागरिकांना मत होतं, १६ वर्षांच्या मुलांनाही होतं. तेव्हा हे करता येत नव्हतं असं नाही.

ज्यांना अजून गरज आहे त्यांच्यासाठी: ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ब्रिटनमध्ये राहायला आलेल्या युरोपीय नागरिकांना तिथेच राहण्यासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता. सलग पाच वर्षं भरली असतील तर ‘सेटल्ड’, नसतील तर ‘प्री-सेटल्ड’ दर्जा. लोक फसत ते ‘सलग’ या शब्दावर: कोणत्याही १२ महिन्यांत सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलं की सर्वसाधारण नियमाने सलगपणा तुटत असे (जुलै २०२५ मध्ये प्री-सेटल्डवाल्यांसाठी हा नियम सैल झाला). घराच्या वाटण्यांसाठी आठ महिने गोव्यात थांबलेल्यांचं तेच व्हायचं. दुसरी चूक पासपोर्टची. हा दर्जा फक्त ऑनलाइन असतो, कार्ड मिळत नाही. पासपोर्ट नवा काढला आणि त्याचा क्रमांक खात्यात बदलला नाही, तर विमानतळाच्या काउंटरवर दर्जा दिसत नाही. तिकीट काढण्याआधी तो बदलून घ्यावा.

दर्यावर्दी

सोडणाऱ्यांना फक्त भुललेले लोक समजू नये, एवढं सांगायला लिहितो. ब्रिटन महासंघाला देतो म्हणून ‘सोडा’वाल्यांनी प्रचाराच्या बसवर लिहिलेला आठवड्याला ३५ कोटी पौंडांचा आकडा चुकीचाच होता. ब्रिटनला वर्गणीत १९८४ पासून मिळणारी सूट वजा केली की तो २५ कोटींच्या आसपास येतो, आणि परत मिळणारे पैसे धरले तर आणखी खाली. पण सार्वभौमत्वाचा मुद्दा पोकळ नव्हता. ब्रिटिश संसदेने १९८८ मध्ये परदेशी मालकीच्या मासेमारी बोटींना आळा घालणारा कायदा केला. स्पॅनिश मालकांच्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि युरोपीय कायद्याशी विसंगत म्हणून तो कायदा बाजूला ठेवावा लागला. संसद सर्वोच्च असं शिकलेल्या देशात याची सल राहणारच. १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्के लोकांनी राहायचं ठरवलं तेव्हा त्यांना ती प्रामुख्याने बाजारपेठ वाटत होती.

आणि सोडून जाणं अशक्यही नाही. ग्रीनलंडने मासेमारीवरूनच १९८२ मध्ये सार्वमत घेतलं आणि १ फेब्रुवारी १९८५ ला ते बाहेर पडलं. तेव्हा कलम ५० नव्हतं, ते २००९ मध्ये लिस्बन कराराने आलं. ग्रीनलंडला मूळ करारांत दुरुस्ती करून घ्यावी लागली. वाटाघाटींचा मुख्य विषय एकच होता, मासे. तरी तीन वर्षं गेली.

भोगावती

आता बरंच उलगडलं. शेवटचा प्रश्न राहतोच: आधी काय करायला हवं होतं? ६० टक्क्यांची अट?

तिठ्यावरचा

अट घालण्याच्या मी विरोधात आहे. १९७९ मध्ये स्कॉटलंडला स्वतःचं विधिमंडळ देण्याच्या सार्वमतात ५१.६ टक्के लोक ‘हो’ म्हणाले, पण एकूण नोंदणीकृत मतदारांच्या ४० टक्के ‘हो’ हवेत अशी अट होती आणि ते ३२.९ टक्केच भरले. जिंकूनही हरल्याची ती भावना वीस वर्षं धुमसली.

न्यूझीलंडची पद्धत जास्त उपयोगी आहे. निवडणूक पद्धत बदलायची का, यावर त्यांनी १९९२ मध्ये एकाच मतपत्रिकेवर दोन प्रश्न विचारले: बदल हवा का, आणि हवा असल्यास चारपैकी कोणता. १९९३ मध्ये त्यातला जिंकलेला पर्याय आणि जुनी पद्धत यांत अंतिम, बंधनकारक मतदान झालं. पहिल्या वेळी बदलाला ८४.७ टक्के मतं होती. ठोस पर्याय समोर आल्यावर ती ५३.९ वर आली. ब्रिटनमध्ये अशी दुसरी फेरी ठेवायची तर ती सार्वमताच्या २०१५ च्या कायद्यातच लिहायला हवी होती. निकालानंतर मागितली की ती निकाल उलटवण्याची चाल वाटते, आणि झालंही तसंच.

मांडवीकाठ

आपल्याकडचं उदाहरणही आहे. १६ जानेवारी १९६७ च्या गोव्याच्या जनमत कौलात फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहणं. दोन्ही चिन्हांचा अर्थ मतदानाआधीच पक्का होता. शिवाय विलीनीकरणवादी बांदोडकर सरकारने कौल निष्पक्ष व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्येच राजीनामा दिला होता. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा निकाल लागला आणि ‘दोन पानं म्हणजे नक्की काय’ असा प्रश्न दुसऱ्या दिवशी कुणाला पडला नाही.

वळचण

एक पुरवणी: नोटीस मागे घेता येत होती. युरोपीय न्यायालयाने १० डिसेंबर २०१८ ला सांगितलं की देश बाहेर पडेपर्यंत ती एकतर्फी रद्द करू शकतो, इतरांची परवानगी लागत नाही. ३१ जानेवारी २०२० नंतर ते दार बंद झालं. आता परतायचं तर कलम ४९ खाली नव्याने अर्ज, सगळ्या सदस्य देशांची संमती, आणि १९८४ ची सूट किंवा युरो न स्वीकारण्याची जुनी मुभा पुन्हा मिळेल याची कोणतीही हमी नाही.