दहावीच्या मुलांना पेपर सोडवण्याचे तंत्र शिकवावे का?

धागाकर्ता (गणित शिक्षक, दारव्हा तालुका)
पेपर कसा सोडवायचा हे नववीपासूनच वर्गात शिकवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. भूमितीचा पेपर 40 गुणांचा आणि वेळ 2 तास, म्हणजे एका गुणाला 3 मिनिटे. मागच्या सराव परीक्षेत आमच्या एका विद्यार्थिनीने 3 गुणांच्या सिद्धतेवर चाळीस मिनिटे घालवली. वर्तुळाबाहेरील बिंदूतून स्पर्शिका काढणे तिच्या हातचा मळ आहे, परंतु घंटा झाली तेव्हा त्या प्रश्नाच्या जागी कागदावर कंपासच्या टोकाचे एक छिद्र तेवढे होते. पूर्वी बोर्डाची प्रश्नपत्रिका 10 मिनिटे आधी हाती येत असे. 2023 पासून ती 10 मिनिटे शेवटी वाढवून मिळतात, त्यामुळे पेपर आधी पूर्ण वाचण्याची शिस्त मुलांनी स्वतःच लावून घ्यावी लागते. अडलेला प्रश्न सोडून पुढे जावे आणि उत्तर अपुरे राहिले तरी पायऱ्या लिहाव्यात, कारण पायऱ्यांना गुण असतात, हे आमच्या मुलांना शाळेने नाही सांगितले तर कोण सांगणार?

निवृत्त मुख्याध्यापिका, आर्वी
सर, आपली तळमळ कळते, तरीही मी असहमत आहे. आपण स्पर्शिकेचेच उदाहरण दिले, म्हणून तेच घेते. ही रचना अचूक काढणाऱ्या मुलांना मी विचारत असे की केंद्र आणि बाहेरचा बिंदू जोडून लंबदुभाजक कशासाठी काढला? बहुतेक मुले गप्प बसत. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो आणि स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, या दोन गोष्टींवर ती रचना उभी आहे, हे त्यांना ठाऊकच नसे. मग प्रश्नात ‘वर्तुळकेंद्राचा वापर न करता’ एवढे शब्द आले की हात थांबत. तंत्राच्या नावाखाली हळूहळू ‘हे येणार, ते सोडा’ सुरू होते, आणि अकरावी विज्ञानाला गेलेले मूल पहिल्या सहामाहीतच खचते.

एक पालक, राळेगाव तालुका
मॅडम, आपले म्हणणे खरे असेल, पण आमच्या घरची गोष्ट वेगळी आहे. दिवाळीनंतर कापूस फुटला की माझी मुलगी आठवड्यातले दोन दिवस वावरात असते आणि रात्री अभ्यासाला बसते तेव्हा तिची बोटे बोंडाच्या टोकांनी सोललेली असतात. तिला सगळे पुस्तक समजावे असे मलाही वाटते. मात्र यंदा गणितात तिचे 35 गुण हुकले तर पुढच्या वर्षी तिला शाळेत पाठवण्याबद्दल घरात माझे कोणी ऐकणार नाही. जे तिला येते ते तरी वेळेत कागदावर उतरावे, एवढेच मागणे आहे.

निवृत्त मुख्याध्यापिका, आर्वी
ताई, तुमच्या मुलीला घड्याळ लावून सराव अवश्य द्यावा. माझा विरोध तिला धडे गाळायला सांगण्याला आहे. वेचणीत बुडालेले तास शाळेनेच जादा वर्ग घेऊन भरून द्यावेत. ती उणीव तंत्राने झाकू नये.

धागाकर्ता
धडे गाळायला मी कधीच सांगत नाही. जादा वर्गाचे मान्य आहे, जानेवारीत सकाळी एक तास घेईन. पुढच्या सराव पेपरात स्पर्शिकेच्या रचनेखाली ‘लंबदुभाजक का काढला’ हे एका ओळीत लिहायलाही लावीन. घड्याळ मात्र टेबलावरच राहील.