नोंदी, संदर्भ आणि साधी टेक्स्ट फाइल : तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठ
काल दिवाळीची झाडझूड काढली. माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली घेतली तर आत माझ्या पीएचडीची कार्डं. छापखान्यातून उरलेला जाड कागद पोस्टकार्डाएवढा कापून आणायचो तेव्हा. निम्मी वाळवीनं खाल्लीत. एक धड निघालं, त्यावर माझ्याच अक्षरात : 'देवळाच्या दुरुस्तीला सरकारी खजिन्यातून खर्च, फार महत्त्वाचं!!' खाली संदर्भ काय, तर 'तत्रैव, पृ. ११२'. तत्रैव म्हणजे वर दिलेलंच पुस्तक. आता कशाचं तत्रैव? आधीचं कार्ड वाळवीच्या पोटात.

हे तत्रैव माझं जुनं दुखणं आहे. प्रबंध टाइप होऊन आला आणि सर म्हणाले, तिसऱ्या प्रकरणातला मजकूर दुसऱ्यात न्या. नेला. तळटीपाही मजकुरासोबत गेल्या, पण तत्रैवच्या वरचं पुस्तक बदललं. पैठणच्या म्हातारीची मुलाखत एका अहवालाच्या पृष्ठ ६४ वर जाऊन बसली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी बरोब्बर तेच पान उघडलं. मी म्हणलं, सर, पाणी पिऊन येतो.

आता प्रत्येक पुस्तकाची एक टेक्स्ट फाइल. पहिल्या ओळीत त्या पुस्तकाची खूण, पुढं प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीलाच पान नंबर. शेवटी नाही, सुरुवातीला. शेवटी टाकायचं ठरवलं की राहतं. लेखात @ लावून खूण आणि पान लिहायचं, पुस्तकांची यादी वेगळ्या बिब फाइलीत. पॅनडॉक नावाचं सॉफ्टवेअर त्याची वर्ड फाइल करून देतं आणि संदर्भसूचीही लावतं. परिच्छेद कुठंही उचलून न्या, खूण सोबत जाते.

तुमचं कसं? फसलेलं आधी सांगा.

चुरमुरा
पहिला! एसटीत आहे, उभ्यानं. नंतर लिहितो.

मास्तरीणबाई
पाणी पिऊन येतो 😂😂

माझं ऐका. बिब फाइलीत लेखकाच्या जागी लिहिलं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. स्वल्पविराम नसला की बिबटेक, म्हणजे बिब फाइलीवरून सूची लावणारं सॉफ्टवेअर, शेवटच्या शब्दाला आडनाव समजतं, हे कुणाला माहीत होतं? सूचीत छापून आलं, 'मंडळ, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती'. मॅडमनी पेनानं गोल करून बाजूला लिहिलं, हे बंगाली लेखक कोण? संस्थेच्या नावाला दुहेरी महिरपी कंस घातला की ते अख्खं एक नाव धरतं, ही अक्कल मग आली.

माणसांच्या नावालाही तेच. आपण 'कुलकर्णी सुमन' लिहितो, ते सुमन आडनाव धरतं. आडनावानंतर स्वल्पविराम हवाच. आणि दोन लेखकांत 'व' नाही चालत, इंग्रजी अँडच लिहावं लागतं. मी 'व' लिहून चार जोड्यांची लग्नं लावली होती.

कुकरची शिट्टी झाली, बाकी रात्री.

दुपारचीझोप
माझं फसलेलं फारच साधं आहे. ११ महिन्यांच्या नोंदी एका फाइलीत. कॉलेजच्या जुन्या संगणकावर उघडली, एक ओळ वाढवली, सेव्ह. कसलीशी खिडकी आली, न वाचता ओके. घरी येऊन उघडतो तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत

???? ?? ?????? ????

अक्षरं साठवायची पद्धत म्हणून यूटीएफ-८ च्या जागी एएनएसआय निवडलेलं होतं, त्यात देवनागरीला जागाच नसते. आणि ती प्रश्नचिन्हं परत अक्षरं होत नाहीत. जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर टेक्स्टमध्ये कचरा दिसतो, पण कन्व्हर्टर लावून माणसात येतो. प्रश्नचिन्ह झालं की संपलं. बायको म्हणाली, तुमच्या प्रबंधात तसे प्रश्नच जास्त होते.

मास्तरीणबाई
@दुपारचीझोप, वहिनींना नमस्कार सांगा.

बालाघाट
इमॅक्स हा टेक्स्ट एडिटर, आणि त्यात नोंदींसाठी ऑर्ग मोड. बाकी चर्चा संपली.

चुरमुरा
आले इमॅक्सवाले. कुणीतरी त्यांच्या विरोधातल्या विम एडिटरवाल्यालापण बोलवा, दिवाळीचे फटाके घरीच होतील.

बालाघाट
बरं, नीट सांगतो. ऑर्ग २००३ चं, एका खगोलशास्त्रज्ञानं स्वतःच्या नोंदींसाठी केलेलं. संदर्भ द्यायची त्याची स्वतःची सोय मात्र २०२१ ला आली, तोवर आम्ही इकडून तिकडून आणलेले जोड लावत होतो. मला आवडतं ते इतकंच, की प्रकरणाची घडी घालता येते. ३०० पानांचा मजकूर, पण समोर सहा ओळी. आमच्याकडं लाइट कधी जाईल भरवसा नाही, तेव्हा फाइल हलकी असलेली बरी. दर तासाला गिटमध्ये नोंद टाकतो, ते फाइलीची प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवतं. 'अंतिम', 'अंतिम २', 'खरंच अंतिम' ही भानगडच नाही.

काळाकोट
मी संशोधक बिंशोधक नाही, वकील आहे, लातूरकडचा. पण नोंदी तुमच्यापेक्षा जास्त निघतील. जायकवाडी धरणाच्या भूसंपादनाच्या जुन्या प्रकरणांवर टिपणं ठेवलेली. परवा तारखेच्या आदल्या रात्री 'ॲवॉर्ड' शब्द हुडकायलो, ९ निकाल दाखवायलं. मला पक्कं माहीत की चाळीसच्या वर आहेत. अर्धा तास डोकं फोडलं. भानगड अशी, की मोबाइलवर टाइप केलेला ॲ हे एकच अक्षर. ते युनिकोडात २००८ ला आलं. ऑफिसातल्या कीबोर्डवर मी अ काढून त्यावर चंद्र देतो. दिसायला जुळे भाऊ, यंत्राला मात्र परके. आता महिन्यातून एकदा सगळ्या फाइलींत शोधा-बदला चालवून एकच रूप करतो.

दुपारचीझोप
म्हणजे माझ्या 'ॲडमिशन'च्या नोंदी हरवल्या नव्हत्या तर.

मोमिनाबादकर
नावांचंही तसंच आहे. माझं गाव अंबाजोगाई, जुन्या पुस्तकांत आंबेजोगाई, निजामाच्या कागदात मोमिनाबाद. त्यात आता उस्मानाबादचं धाराशिव, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. प्रकाशनस्थळ मी पुस्तकावर छापलंय तेच ठेवते, १९७० च्या पुस्तकावर आजचं नाव टाकत नाही. मात्र प्रत्येक नोंदीखाली 'स्थळ :' अशी एक ओळ असते, तिच्यात सगळी नावं शेजारीशेजारी. कुठल्याही नावानं शोधलं तरी सापडतं. तीस-चाळीस नावांची एक फाइल केलीय, तिथून चिकटवायचं.

चुरमुरा
@काळाकोट दादा, विषय सोडून विचारतो, राग मानू नका. आमच्या आज्याच्या शेताच्या कागदावर सन १३४४ फसली लिहिलंय. ते कधीचं?

काळाकोट
फी लागंल 😀 ५९० मिळव. निजामाकडचं फसली वर्ष ऑक्टोबरात लागायचं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ५९१. म्हणजे तुझं १९३४-३५. महिना काय लिहिलाय, आजूर, दै, बहमन?

चुरमुरा
उर्दूत आहे सगळं. वाचणारे चाचा गेले मागच्या साली.

मोमिनाबादकर
चांगला फोटो काढून ठेव आधी. आणि फोटोच्याच नावाची टेक्स्ट फाइल करून त्यात लिही, कागद कुणाकडून आला, कधी, कुणी काय वाचून दाखवलं. बिब फाइलीत वर्षाच्या जागी मी इसवी सन टाकते आणि टीपेत फसली, नाहीतर सूचीत १३४४ चा कागद तुघलकाच्या काळात जाऊन बसतो.

चुरमुरा
चाचांनी आईला वाचून दाखवलेलं. तिला विचारतो आज. गोदाकाठ सर, पॅनडॉक फुकट आहे का?

गोदाकाठ
फुकट. जॉन मॅकफार्लेन नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं २००६ ला आणलं. त्यांनाही कुणीतरी तत्रैवनं छळलं असणार. विद्यापीठाला वर्डच लागतं, तर एक नमुना वर्ड फाइल दाखवायची, त्याच ठशात काढून देतं. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करावी लागते, भिऊ नको. निरोप टाक, पाठवतो.

बालाघाट
कार्डांवर क्रमांक नव्हते का हो?

गोदाकाठ
होते ना, उजव्या कोपऱ्यात लाल पेननं. हे ८७. गेलं ते ८६.

मास्तरीणबाई
आले. ८८ आहे का? त्यावर काय संदर्भ आहे?

गोदाकाठ
तत्रैव, पृ. ११५.