पाच जण, मुरमाड वाटा, हार्डटेल: हवा, सुटे भाग आणि अंतर किती धरावं?

ढोरवाट29:
नोव्हेंबरमध्ये एका रविवारी आम्ही पाच मित्र पुण्याजवळच्या बोपदेव घाट-कानिफनाथ भागातल्या कच्च्या वाटांवर एमटीबी (माउंटन बाइक) घेऊन जाणार आहोत. सगळ्या हार्डटेल (मागे सस्पेन्शन नाही), पुढे 100 मिमी दबणारा सस्पेन्शन फोर्क, टायर 29×2.25 इंच. तिघांच्या ट्यूबवाल्या, दोघांच्या ट्यूबलेस. दोघं ट्रेलवर अगदी नवखे. हवा किती ठेवायची, सोबत काय घ्यायचं आणि अंतर किती धरायचं? नवख्यांचा दम निघू नये आणि बाकीच्यांनाही मजा यावी.

घसारा:
आधी हवा, कारण निम्मी मजा तिथेच ठरते. टायरवर छापलेला कमाल आकडा गाठायचा नाही. 70 किलोच्या माणसाला ट्यूबमध्ये पुढे 26, मागे 29 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक); ट्यूबलेसमध्ये पुढे 21, मागे 24. वजनात 10 किलोचा फरक असेल तर साधारण 2 पीएसआय कमी-जास्त करा. पुढे हवा जास्त झाली की टायर मुरमात बसत नाही, खड्यांवरून घरंगळतो आणि वळणावर चाक निसटतं. ट्यूबमध्ये फारच कमी ठेवली तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

एकच बारीक भोक असेल तर काटा समजा. बाभळीचा काटा बाहेरून तुटतो, टोक टायरमध्येच राहतं. ते न काढता नवी ट्यूब घातली की तीही जाते. टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा, बाहेरून टायर दाबत दाबत.

ट्यूबलेसवाल्यांनी चाक हलवून बघावं. सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) डुचमळल्याचा आवाज नसेल तर दर टायरला 90-100 मिली घाला. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं.

चेनलिंक:
सामानात सगळ्यांत जास्त विसरला जातो तो सुटा डिरेलर हँगर, म्हणजे चेन गिअरवर सरकवणारा मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. तो मॉडेलप्रमाणे बदलतो, मित्राचा तुमच्या बाइकला बसेलच असं नाही. बाइक उजव्या कुशीवर पडली की आधी मागून बघा. हँगर आत वाकला असेल तर मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर गिअर टाकू नका. डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि मग बाइक ढकलतच परत आणावी लागते.

क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) चेनच्या स्पीडचीच, म्हणजे मागे जितक्या चकत्या तितक्याचीच हवी, 9 ची 11 ला चालत नाही. प्रत्येकी एक ट्यूब (ट्यूबलेसवाल्यांनीसुद्धा), ग्रुपमध्ये दोन पंप, चेन ब्रेकरवालं मल्टीटूल, टायर लिव्हर, केबल टाय. टायर कडेला फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा. चेनचं तेल डिस्कवर उडू देऊ नका, पॅडला लागलं तर ब्रेक गेलाच म्हणून समजा.

पठारावरचा:
अंतराचा हिशोब रस्त्यासारखा करू नका. अशा वाटांवर थांबे धरून तासाला 6-7 किमी पुष्कळ. 18 किमीच्या एका फेरीपेक्षा 9-9 च्या दोन करा, दोन्ही गाडीपाशी येणाऱ्या. नवखे एका फेरीनंतर थांबू शकतात, बाकीच्यांचा दिवस वाया जात नाही. उजाडताच निघा, साडेदहापर्यंत संपवा. पाणी प्रत्येकी 3 लिटर.

वाट फुटते तिथे पुढच्याने थांबायचं, मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. शेवटी अनुभवी माणूस, पंपासह. उतारावर 25-30 मीटर अंतर ठेवा, धुळीत पुढचा दगड दिसत नाही. नवख्यांची सीट उतारापूर्वी 5-6 सेंमी खाली करा, पेडल समांतर, टाच खाली. ब्रेक वळणाआधी मारायचा, वळणात नाही. गुरं समोर आली तर पाय टेकून थांबा. मोजे उंच घाला, कुसळं त्या दिवसांत फार.

ढोरवाट29:
फोर्कचा सॅग, म्हणजे नुसत्या आपल्या वजनाने तो दबतो ते, किती ठेवायचा?

घसारा:
15-20 मिमी. पाण्याच्या पिशवीसकट पेडलवर उभे राहा, फोर्कच्या नळीवरची ओ-रिंग (रबरी कडं) खाली सीलला टेकवा, न उसळता अलगद उतरा आणि मोजा. एअर फोर्क असेल तर शॉक पंपाने 5-5 पीएसआयने बदला. स्प्रिंगचा असेल तर प्रीलोडने (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी चावी) थोडाच फरक पडतो. वजनदार माणसाला कडक स्प्रिंगच लागते.