शब्दचर्चा : ‘हृदयसंरक्षक’ कुठे लिहावं, कुठे लिहू नये?

अनुवादिका :
नमस्कार मंडळी. औषधशास्त्रातल्या एका प्रबंधाचा सारांश मराठीत आणते आहे. एका वाक्यापाशी अडले आहे : ‘मधुमेही उंदरांमध्ये या अर्काचा हृदयसंरक्षक परिणाम दिसून आला.’ मूळ शब्द कार्डिओप्रोटेक्टिव्ह. त्यासाठी ‘हृदयरक्षक’, ‘हृदयसंरक्षक’ आणि ‘हृद्य’ असे तिन्ही शब्द वाचनात आले आहेत. सारांश वाचणारे बहुतेक जण या क्षेत्रातले नसतील, आणि त्यांच्यातल्या कितीतरी घरांत रोज सकाळी शुगर मोजली जात असेल. त्यांचा गैरसमज होणार नाही असा शब्द हवा आहे.

मुद्रितशोधक :
‘हृदयरक्षक’ घ्या. ‘सं’ लावून अर्थात काही भर पडत नाही. उच्चारायला सोपा, मथळ्यातही बसतो.

वैद्य :
‘हृद्य’बद्दल सांगतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, दहा-दहा द्रव्यांचे गट दिले आहेत. त्यात एक गट ‘हृद्य’ नावाचा आहे. त्यातली नावं पाहा : आंबा, आंबाडा, करवंद, कोकम, बोर, डाळिंब, महाळुंग. जवळजवळ सगळी आंबट फळं. तिथे ‘हृदयाला हितकर’ आणि ‘मनाला रुचेल असं’ हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आज सगळे ज्याचं नाव घेतात तो अर्जुनसादडा या दहांत नाहीच. त्याची साल दुधात सिद्ध करून हृद्रोगात द्यावी हे ‘चक्रदत्त’ या नंतरच्या वैद्यकग्रंथात येतं, म्हणजे बरंच पुढे. तेव्हा प्रयोगशाळेतल्या मोजमापासाठी ‘हृद्य’ वापरणं आयुर्वेदाच्या बाजूनेही बरोबर नाही. शिवाय आजच्या मराठीत सत्कार हृद्य असतो, भाषण हृद्य असतं. वाचकाला तोच अर्थ लागणार.

फार्माशिक्षिका :
वैद्यराजांशी सहमत. मी फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते. ताई, शब्द निवडण्याआधी या वाक्यामागे प्रयोगशाळेत काय घडलं असतं ते सांगते, कारण ते समजल्याशिवाय कुठलाही शब्द फसवाच ठरेल.

अशा प्रबंधांत बहुतेक वेळा आयसोप्रिनॅलिन नावाचं औषध वापरतात. एके काळी दम्यासाठी देत असत. हृदयाला ते जोराने धावायला लावतं. उंदराला ते फार मोठ्या मात्रेत दिलं की हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो, हे 1959 मध्ये रोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. आजही तीच मात्रा चालते : शरीराच्या दर किलो वजनामागे 85 मिलिग्रॅम, चोवीस तासांच्या अंतराने दोनदा, कातडीखाली. त्यानंतर रक्तात ट्रोपोनिन आणि सीके-एमबी किती वाढलं ते मोजतात, कारण स्नायूच्या पेशी फुटल्या की हे पदार्थ रक्तात उतरतात.

ज्या औषधाची परीक्षा घ्यायची ते, म्हणजे तुमच्या वाक्यातला अर्क, उंदरांना कधी पाजतात? बहुधा इजा करण्याच्या *आधी*. तीन-चार आठवडे रोज, तोंडात नळी घालून, आणि शेवटच्या दोन दिवशी आयसोप्रिनॅलिन. अर्क घेतलेल्या गटात ट्रोपोनिन कमी निघालं, की लिहितात कार्डिओप्रोटेक्टिव्ह. थोडक्यात, त्या वाक्याचा खरा अर्थ एवढाच : ‘ठरवून केलेली इजा, आधीपासून अर्क दिलेल्या उंदरांत कमी झाली.’

माणसाचं तसं नसतं. माणूस आधी छातीत दुखतं म्हणून येतो आणि औषध त्यानंतर सुरू होतं. म्हणून या प्रयोगांना मराठीत सरसकट ‘उपचार’ म्हणू नये असा माझा आग्रह आहे. ‘पूर्वोपचार’ म्हणा, किंवा सरळ ‘इजेआधी दिलेलं औषध’. माझ्या मते ‘रक्षक’ की ‘संरक्षक’ यापेक्षा हा मुद्दा फार मोठा आहे.

अनुवादिका :
मॅडम, हे फार उपयोगी आहे. प्रबंध पुन्हा पाहिला. अर्क अठ्ठावीस दिवस आधीपासूनच दिला आहे. मग ‘मधुमेही उंदीर’ तरी चालेल का?

फार्माशिक्षिका :
त्यावरही माझं म्हणणं आहे. या उंदरांना मधुमेह *झालेला* नसतो, *केलेला* असतो. बहुतेक ठिकाणी स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून. हा पदार्थ मातीतल्या एका जिवाणूपासून, मुळात प्रतिजैविक म्हणून मिळाला. त्याने मधुमेह होतो हे 1963 मध्ये छापून आलं. त्याच्या रेणूचा एक भाग ग्लुकोजसारखा असल्यामुळे स्वादुपिंडातल्या बीटा पेशी त्याला आपल्या दारातून आत घेतात, आणि आत गेल्यावर तो त्यांच्या डीएनएची नासाडी करतो. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच जातात.

हे काम जवळून पाहिलं की ‘केलेला’ हा शब्द का हवा ते पटतं. पूड थंड सायट्रेट बफरमध्ये विरघळवायची आणि लगेच टोचायची, कारण ती द्रावणात टिकत नाही. पहिल्या रात्री पाण्याच्या बाटलीत ग्लुकोज घालून ठेवावं लागतं. मरणाऱ्या बीटा पेशींतलं इन्सुलिन एकदम रक्तात येतं, साखर धाडकन उतरते, आणि ग्लुकोज ठेवलं नाही तर काही उंदीर सकाळपर्यंत जगत नाहीत. तिसऱ्या दिवशी शेपटीच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर पाहायचं. 250 च्या वर साखर गेलेले प्राणी बहुतेक प्रयोगांत ‘मधुमेही’ धरतात. पिंजऱ्यातला भुसा मात्र मीटरच्या आधीच सांगतो. एरवी एक-दोन दिवस कोरडा राहणारा भुसा एका रात्रीत चिंब होतो, बाटली रिकामी होते. त्यांची तहान बघवत नाही. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, भुसा रोज बदला, दोन बाटल्या लावा.

आता अर्थाचा मुद्दा. हे चित्र टाइप 1 च्या जवळ जातं. आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांना टाइप 2 असतो : इन्सुलिन असतं, पण त्याला शरीर दाद देत नाही. शिवाय माणसाच्या बीटा पेशी स्ट्रेप्टोझोटोसिनला इतक्या सहज बळी पडत नाहीत. टाइप 2 च्या जवळ जायला मोहालीच्या नायपर या औषधशास्त्र संस्थेतल्या श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये एक पद्धत मांडली : आधी उंदरांना चरबीयुक्त आहार देऊन इन्सुलिनला दाद न देणारे करायचे, मग स्ट्रेप्टोझोटोसिनची लहान मात्रा, दर किलोला 35 मिलिग्रॅम. ती आज जगभर वापरतात. तुमच्या प्रबंधात कुठली पद्धत आहे ते सारांशात एका वाक्यात यायलाच हवं. नुसतं ‘मधुमेही उंदीर’ लिहिलं तर वाचक आपल्या आईचा मधुमेह डोळ्यांपुढे आणणार.

मुद्रितशोधक :
‘मधुमेह घडवलेले उंदीर’ कसं वाटतं?

फार्माशिक्षिका :
उत्तम. ‘प्रेरित मधुमेह’पेक्षा कितीतरी बरं.

अनुवादिका :
‘उंदीर’ हा शब्द तरी सुरक्षित आहे ना?

फार्माशिक्षिका :
तोही पूर्ण नाही. आपण रॅटलाही उंदीर म्हणतो आणि माऊसलाही. प्रयोगातला रॅट दोनशे-अडीचशे ग्रॅमचा, माऊस वीस-तीस ग्रॅमचा. औषधाच्या मात्रा वेगळ्या, हृदयाचे ठोके वेगळे. प्रयोगशाळेत मराठी बोलणारेही रॅट आणि माइस असंच म्हणतात. सारांशात एकदा ‘विस्टार जातीचे रॅट’ असं लिहा, पुढे खुशाल ‘उंदीर’ लिहा.

विदर्भवाचक :
आणि मेटाबॉलिक सिंड्रोम? आमच्या शाळेत ‘चयापचय’ शिकवत, हिंदी पुस्तकात ‘उपापचय’ असे. ‘सिंड्रोम’ला कुठे ‘संलक्षण’, कुठे ‘लक्षणसमूह’.

फार्माशिक्षिका :
‘चयापचय’ रुळलेला आहे, तो ठेवा. ‘संलक्षण’पेक्षा ‘लक्षणसमूह’ बरा, कारण इथे खरोखरच समूह आहे : पोटाचा वाढलेला घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी आणि कमी झालेलं एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल. नेहमी वापरल्या जाणाऱ्या निकषानुसार पाचांपैकी तीन असले की हे नाव लागतं. 1988 मध्ये रीव्हन यांनी हा धागा ‘सिंड्रोम एक्स’ म्हणून मांडला. उंदरात तो आणण्यासाठी फ्रुक्टोज भरपूर असलेला आहार देतात, किंवा जन्मतःच लठ्ठ होणाऱ्या जाती घेतात. अशी एक जात आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतही आहे.

काळजीवाहू :
मी शास्त्रातली नाही. घरी वडिलांना मधुमेह आहे आणि दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी एक गोळी दिली आणि म्हणाले, ही हृदयाचंही रक्षण करते. वरचं सगळं वाचून भीती वाटली. मग हा शब्द खोटाच समजायचा का?

फार्माशिक्षिका :
अजिबात नाही, ताई. गोळी बंद करू नका. हा शब्द माणसांवरच्या चाचण्यांतून कमवावा लागतो, आणि काही औषधांनी तो कमावला आहे.

एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचं पाहा. त्याची पाळंमुळं फ्लोरिझिनमध्ये आहेत. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतला हा पदार्थ 1835 मध्ये वेगळा केला गेला. त्याने लघवीतून साखर जाते. 1987 मध्ये रोसेट्टी आणि सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाचा बराच भाग काढलेल्या रॅटना तो दिला, तेव्हा साखर उतरलीच, शिवाय शरीर इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागलं. तिथून या गटाची औषधं घडली. 2015 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेले 7,020 रुग्ण त्यात होते. हृदयरक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या, तुलनेत 38 टक्क्यांनी कमी, आणि हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात दाखल होणं 35 टक्क्यांनी कमी. इथे ‘हृदयसंरक्षक’ लिहिताना माझा हात अडखळत नाही.

उलट रोझिग्लिटाझोन, हेही मधुमेहाचंच औषध. प्राण्यांच्या हृदयातली इजा त्याने कमी केल्याचे प्रयोग झाले होते. 2007 मध्ये निसेन आणि वोल्स्की यांनी रुग्णांवरच्या 42 चाचण्या एकत्र तपासल्या, तर हार्ट अटॅकची शक्यता 43 टक्क्यांनी जास्त दिसली. 2010 मध्ये भारतात ते बंद झालं. अमेरिकेत पुढे पुराव्याची फेरतपासणी झाली आणि 2013 मध्ये निर्बंध सैल झाले, त्यामुळे ते विषच होतं असं मी म्हणणार नाही. पण उंदरातल्या निष्कर्षावरून त्याला ‘हृदयरक्षक’ म्हणून मोकळं होणारा चुकला असता, हे नक्की.

वडिलांच्या गोळीचं नाव इथे लिहू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांनाच विचारा : हे रक्षण रुग्णांमध्ये दिसलं आहे का, आणि बाबांसारख्या रुग्णांमध्ये का? चांगले डॉक्टर हा प्रश्न ऐकून घेतात.

काळजीवाहू :
विचारते. मनापासून आभार.

वैद्य :
एक भर घालतो. ‘रक्षण’ म्हटलं की पूर्ण बचाव, असं मराठी कानाला वाटतं. शास्त्रात तसं आहे का?

फार्माशिक्षिका :
नाही, आणि याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण 1986 चं आहे. ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी पाच-पाच मिनिटं चारदा बंद केली, दर वेळी मध्ये पाच मिनिटं रक्त सोडलं, आणि मग ती सलग 40 मिनिटं बंद ठेवली. आधी हा ‘सराव’ झालेल्या हृदयांत मेलेला भाग नेहमीच्या तुलनेत चौथा हिस्सा निघाला. या एका निबंधावर संशोधनाचं अख्खं दालन उभं राहिलं. पण त्याच निबंधात दुसरा गट आहे : रक्तवाहिनी तीन तास बंद ठेवली, तर हा फायदा उरला नाही. स्नायू मरण्याला उशीर झाला, मरण टळलं नाही. म्हणून मी वर्गात ‘रक्षण’ शब्द वापरला की पुढे लगेच विचारते : कशापासून, किती वेळ, आणि कशावरून?

‘कशावरून’चं उत्तर डोळ्यांनी दिसतं. हृदयाच्या पातळ चकत्या करून टीटीसी नावाच्या रंगद्रव्यात ठेवल्या की जिवंत स्नायू विटकरी लाल होतो आणि मेलेला फिकट राहतो. फिकट भागाचं क्षेत्रफळ मोजायचं.

अनुवादिका :
मग वाक्य असं करते : ‘स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेह घडवलेल्या विस्टार रॅटना हा अर्क अठ्ठावीस दिवस आधीपासून दिला असता, आयसोप्रिनॅलिनमुळे हृदयस्नायूला होणारी इजा कमी झाली.’ ‘हृदयसंरक्षक’ काढूनच टाकला.

मुद्रितशोधक :
लांब झालं, पण एकही शब्द कापावासा वाटत नाही. मुख्य शब्दांच्या यादीत मात्र ‘हृदयसंरक्षक’ ठेवा, नाहीतर शोधणाऱ्याला प्रबंध सापडणार नाही. ‘हृदयरक्षक’चा माझा आग्रह मागे घेतो, मथळ्यात तो फारच मोठं आश्वासन देतो. एक शंका राहिली. पुढच्या परिच्छेदात ‘प्रयोगाअखेर उंदरांचा बळी देण्यात आला’ असं आहे.

फार्माशिक्षिका :
ते मूळच्या ‘सॅक्रिफाइस’चं शब्दशः रूप. प्रयोगशाळेत हा शब्द सर्रास चालतो, पण मराठीत बळी देवापुढे देतात, नवस फेडायला. ‘दयामरण’ही नको. दया असाध्य दुखण्यातून सोडवण्यासाठी असते, आणि इथे दुखणं आपणच दिलेलं आहे. ‘वेदना होऊ न देता मारले’ असं लिहा, आणि प्राण्यांची एकूण संख्या त्याच वाक्यात द्या. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे अर्ज करताना किती प्राणी, का, आणि त्यांना कसं मारणार हे लिहून द्यावंच लागतं, त्यामुळे आकडा प्रबंधात असणारच.

अनुवादिका :
आहे. सहा-सहाचे पाच गट, एकूण तीस. वाक्यात घेतले.