एक्सकॉम: पहिल्याच खेपेला आयर्नमॅन लावावा का?

बुरूजकरी
माझा मावसभाऊ परवा पहिल्यांदाच ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ (फिरॅक्सिस, २०१२) हा परग्रहवासीयांशी पाळीपाळीने लढायचा व्हिडिओ गेम खेळायला बसला. शिपाई पडला की जुनी सेव्ह लोड, नेम चुकला की लोड. मी त्याला म्हटलं, पातळी नॉर्मल ठेव, पण आयर्नमॅन लाव. एकच सेव्ह, तीही खेळच करणार, मागे फिरणं नाही. सगळ्या नवख्यांना माझं हेच सांगणं आहे. लगेच लोड करणाऱ्याला शिपाई का मेला हे कळतच नाही, तो नशिबाला बोल लावतो. रूकीचा, म्हणजे नव्या शिपायाचा, नेम शंभरात ६५. समोरचा पूर्ण आडोशामागे असेल तर त्यातले ४० वजा, अर्ध्या आडोशामागे असेल तर २०. बगलेतून गाठला तर काहीच वजा नाही. शत्रूलाही हाच हिशेब लागू आहे, हे चार चांगले शिपाई गमावल्यावरच अंगात भिनतं.

उपग्रह_८
अजिबात पटलं नाही. या खेळात गोळी लागणार की चुकणार हे ठरवणारे नशिबाचे आकडे सेव्हबरोबरच बांधलेले असतात. लोड करून तीच गोळी तशीच झाडली तर ती पुन्हा चुकते. निकाल बदलायचा तर क्रम बदलावा लागतो. आधी ग्रेनेड, मग गोळ्या, हे मी तसंच शिकलो. ग्रेनेड चुकत नाही, ३ नुकसान करतो, आडोसाही उडवतो. नॉर्मलवर सेक्टॉइडचा (सुरुवातीला भेटणारा परग्रहवासी) जीवच मुळी ३!

आणि मोहीम बुडते ती बहुतेकदा मैदानात नाही, जगाच्या नकाशावर. आपल्याला पैसा पुरवणाऱ्या १६ पैकी ८ देश घाबरून सोडून गेले की खेळ संपला. देशावर सॅटेलाइट सोडला की त्याची भीती कमी होते. पण सॅटेलाइट बांधायला २० दिवस लागतात, शिवाय तो चालवायला तळावर अपलिंक नावाची खोली हवी. खेळ मार्चमध्ये सुरू होतो. मार्चमध्ये सगळा पैसा बंदुकांवर घालवणाऱ्याला त्याची शिक्षा मे महिन्यात मिळते, आणि आयर्नमॅनमध्ये तोवरचे सगळे तास पाण्यात. नोकरी सांभाळून खेळणारा माणूस मग पुन्हा सुरुवात करत नाही, गेमच काढून टाकतो. माझ्या दोन मित्रांनी असाच खेळ सोडला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

करडी_छावणी
सेव्हचं काय ते ठरवा, पण नवख्याचे सर्वांत जास्त शिपाई मरतात ते टर्नच्या शेवटी उरलेल्याला पुढे पळवण्याने. परग्रहवासी टोळीने उभे असतात. आपल्याला ते दिसले की त्यांना आपल्याच टर्नमध्ये फुकट हालचाल मिळते आणि ते आडोसा गाठतात. आपल्या सगळ्यांच्या चाली संपलेल्या, आणि पुढची पाळी त्यांची.

म्हणून नवी जागा पाहायची ती पहिल्या शिपायाने, तीही निळ्या रेषेच्या आत, म्हणजे चालूनही गोळी झाडायची एक चाल उरते. शेवटच्याने आधी पाहिलेल्या जागेतच थांबायचं. ओव्हरवॉचवर (शत्रू हलला की आपोआप गोळी झाडणं) फार विसंबू नका, त्यात नेम कमी होतो.

बुरूजकरी
छावणी, शंभर टक्के सहमत. उपग्रह, मार्च-मेचा मुद्दा मला मान्य आहे, तो माझ्या लक्षात आला नव्हता. पण क्रम बदलण्याची तुमची शिस्त सगळ्यांकडे नसते. भाऊ लोड करून वाईट आकडा दुसऱ्याच शिपायाच्या गोळीवर खपवायचा. त्यातून तो काय शिकला? शिवाय लोड करणाऱ्याची दुसरी फळी कधी तयारच होत नाही. जखमी शिपाई कित्येक दिवस खाटेवर असतो. तेच सहा जण वाढवलेत आणि त्यातले दोन जायबंदी झाले, तर पुढच्या मिशनला थेट रूकी न्यावे लागतात.

त्याला आता सांगितलंय, मिशन सुरू झालं की लोड नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेची एक सेव्ह मात्र वेगळी ठेव.

उपग्रह_८
हे मला चालेल. पण मग हे आयर्नमॅन नाही, आणि नवख्याला आयर्नमॅन म्हणून सांगू नका. आणि त्याला हेही सांगा: तयार सॅटेलाइट महिनाअखेरपर्यंत हातात ठेव, देश राहणार की जाणार हे ठरवणाऱ्या महिन्याच्या अहवालाच्या आधी सर्वांत घाबरलेल्या देशावर सोड.