टेनॅक्सच्या जागी कार्बोपॅक एक्स: बेंझिनसाठी बदल हवाच

रसायनी: हवेतल्या बेंझिन, टोल्युइन, झायलीनसाठी आमच्याकडे टेनॅक्स टीए (हवेतले वायू धरून ठेवणारा शोषक) भरलेल्या नळ्या चालत आल्यात, म्हणून पुन्हा त्याच मागवायच्या असं ठरतंय. मला हे पटत नाही. 200 मिलिग्रॅम टेनॅक्सवर 20 अंशांना बेंझिनसाठी सुरक्षित मर्यादा, म्हणजे बेंझिन निसटू न देता नळीतून ओढता येणारी हवा, साधारण 6 लिटर. तापमान 10 अंशांनी वाढलं की ती निम्मी होते. चंद्रपूरच्या मे महिन्यात 40 अंश धरा, उरतं दीड लिटर! आम्ही मिनिटाला 10 मिलिलिटरने 24 तास पंप चालवतो, म्हणजे 14.4 लिटर. बरंचसं बेंझिन नळीतून पार होतं आणि अहवालात हवा स्वच्छ दिसते. श्वास घेणाऱ्यांची ही फसवणूक आहे. कार्बोपॅक एक्स या कार्बनच्या शोषकाचं पृष्ठफळ ग्रॅममागे सुमारे 240 चौरस मीटर, टेनॅक्सचं जेमतेम 35.

हवामापक: असहमत. नुसतं पृष्ठफळ बघून शोषक निवडला की घोटाळा होतो. जोरात धरून ठेवणारा शोषक सोडतानाही तितकाच हट्टी. उद्या यादीत नॅफ्थलीनसारखं जड संयुग आलं तर एक्समधून ते पूर्ण सुटणार नाही. दोन थर भरा: पुढे टेनॅक्स, मागे एक्स. नळी तापवून नमुना काढताना वायू उलट दिशेने सोडायचा. नळी उलटी बसली की जड रेणू एक्समध्ये रुतलेच, म्हणून बाणाची खूण तपासल्याशिवाय आमच्याकडे नळी लावत नाहीत.

रसायनी: पण आमच्या यादीत नॅफ्थलीन नाहीच, तर दोन थर कशाला? टेनॅक्स 350 अंशांच्या पुढे नेता येत नाही, म्हणजे मागच्या एक्सचीही सफाई तिथेच अडते. शिवाय ओझोन लागला की टेनॅक्स स्वतःच बेंझाल्डिहाइड सोडतं.

कोळसा_बरा: दोघेही थर्मल डिसॉर्बर (नळी तापवून नमुना काढणारं यंत्र) आहेच असं धरून बोलताय. लहान प्रयोगशाळेला तो परवडत नाही. नारळाच्या कोळशाची नळी, नमुना विरघळवायला कार्बन डायसल्फाइड, मोजायला जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ), भागतं. बाटलीत द्रावण उरतं, शंका आली तर पुन्हा तपासता येतं. तुमची नळी एकदा तापवली की सहसा नमुना संपला.

रसायनी: बेंझिनची वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम. 14.4 लिटरमध्ये 72 नॅनोग्रॅम. ते 1 मिलिलिटर द्रावणात विरघळवून 1 मायक्रोलिटर टोचलं, तर यंत्रात त्याचा हजारावा भाग जातो. त्यात कार्बन डायसल्फाइडमध्येच बेंझिनची भेसळ असते.

कोळसा_बरा: मग मिनिटाला 100 मिलिलिटरने ओढा. कोळसा झेपवतो.

हवामापक: मे महिन्यात झेपवेलही, जुलैत नाही. ओलसर हवेत कोळसा पाणी धरतो आणि जागा अडते. एक्सला पाण्याचं फारसं वावडं नाही, हे रसायनींचं बरोबर. तरी मागणी नोंदवण्याआधी एकामागे एक दोन नळ्या जोडून बघा. मागच्या नळीत पुढच्याच्या 5 टक्क्यांहून जास्त बेंझिन सापडलं, तर तो शोषक बाद. सोबत त्याच जागी 1 आणि 4 लिटरचे नमुने घ्या. दोन्हींचं उत्तर जुळलं पाहिजे. चाचणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही, एसी खोलीत नव्हे.

रसायनी: चाचणी मान्य. टेनॅक्सची मागणी तोवर थांबवायचीच.